अनुभव धागा: स्वस्त विमान तिकिटं आणि वर्षातून जास्त वेळा भटकंती

विमान तिकिटांचा विषय निघाला की 'अमुक ॲपवर बघा, मंगळवारी रात्री बुक करा' एवढंच कानावर येतं. त्यानं कोणाचे पैसे वाचलेले मी तरी पाहिलेले नाहीत. म्हणून हा धागा. तुम्ही कुठून निघालात, तारखा कशा हलवल्या, नक्की काय केलं म्हणून तिकीट उतरलं, ते सविस्तर लिहा. नुसती संकेतस्थळांची यादी नको.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे आधी ठिकाण ठरायचं, मग रजा, शेवटी तिकीट. हा क्रम उलटा केला आणि वर्षातल्या सहली वाढल्या. आता गूगल फ्लाइट्सवर निघण्याच्या जागी पुणे टाकून ठिकाणाचा रकाना मोकळा सोडते. नकाशावर गावोगावचे दर दिसतात, त्यातून ठिकाण निवडते. मग तारखांचा तक्ता उघडायचा: एका बाजूला जाण्याच्या तारखा, दुसऱ्या बाजूला येण्याच्या, प्रत्येक चौकटीत त्या जोडीचा दर. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र ही चौकट जवळजवळ नेहमी महाग असते. तीच शनिवार दुपार ते मंगळवार सकाळ केली की दर उतरतो. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा, आंतरराष्ट्रीय विमानं मोजकीच. त्यामुळे परदेशासाठी मुंबईचेही दर बघते, पण टॅक्सीचे पैसे त्यात धरूनच.

नागपूरची शिक्षिका

तारखा हलवा म्हणणं सोपं आहे, शाळेत नोकरी असेल तर हलवणार कशा? पण विदर्भातल्या आम्हा शिक्षकांकडे एक सोय आहे. उन्हामुळे आमच्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. केरळ-कर्नाटकातल्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात, मुंबई-पुण्याच्याही. त्या मधल्या दिवसांत आम्ही दक्षिणेकडे जातो. बंगळुरूपर्यंत विमान, पुढे रेल्वे. मे महिन्यातल्या दरापेक्षा तिकीट बरंच खाली येतं, मुन्नारमध्ये खोलीचं भाडंही उतरलेलं असतं. पाऊस असतोच. आमच्याकडे तेव्हा अंगाची लाही होत असते, त्यामुळे तो पाऊस आम्हाला हवाच असतो!

दिवाळीतही हीच युक्ती. सगळ्यांना लक्ष्मीपूजनाच्या आधी घरी पोचायचं असतं. आम्ही पूजा आटोपून दुसऱ्या दिवशी निघतो.

सावंतवाडीहून

आमच्या बाजूच्यांनी एक लक्षात ठेवावं: गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. मोपा 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि आम्हाला तो दाबोळीपेक्षा कितीतरी जवळ. काही ठिकाणी नुसतं 'गोवा' टाकलं तर एकाच विमानतळाची विमानं दिसतात, म्हणून दोन्ही कोड टाकून बघावेत.

दुसरी गोष्ट, आपण गर्दीच्या उलट दिशेनं प्रवास करतो. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून गोव्याकडे येणारं विमान भरलेलं असतं, पण ते परतही जायचंच असतं आणि त्यात जागा रिकाम्या असतात. नाताळच्या आधी सगळा देश गोव्याकडे येत असतो, तेव्हा आम्ही बाहेर पडतो. जाण्याचं तिकीट स्वस्त, आणि नववर्षाची गर्दी गोव्यातून परतू लागली की मगच परत यायचं, म्हणजे येतानाही लोकांच्या उलट दिशा साधते.

ठाण्याहून, चौघांचं कुटुंब

कुटुंबानं जाणाऱ्यांसाठी लिहिते. एकाच विमानातल्या इकॉनॉमीच्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटलेल्या असतात. खालच्या दराच्या दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही एकदम चौघांचं शोधलंत, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरचा दर लागतो. मी आधी एकाचं शोधते, मग दोघांचं, मग चौघांचं. कोचीच्या वेळी एकाचा दर 4,400 दिसत होता आणि चौघांचं शोधलं की प्रत्येकी 5,200. दोन-दोनची वेगळी तिकिटं काढली, दोघांचे पैसे वाचले. प्रत्येक तिकिटात एक मोठं माणूस आणि एक मूल ठेवलं. सुविधा शुल्क काही ठिकाणी दोनदा लागतं, ते वजा करून फरक उरतोय ना एवढं बघा.

जर्मनीतून

युरोपात 20-30 युरोंची तिकिटं खरंच मिळतात, पण ती पाठीवरच्या पिशवीपुरती. सीटखाली मावेल एवढीच बॅग फुकट, त्याहून मोठीचे वेगळे पैसे. विमानतळाचं नावही नीट वाचावं: 'फ्रँकफुर्ट हान' फ्रँकफुर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर काही स्वस्त कंपन्यांत वेब चेक-इन केलं तरी काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. एवढं सांभाळलं की नोव्हेंबरातल्या एखाद्या शनिवार-रविवारी पोर्तुगाल किंवा दक्षिण इटलीचं ऊन परवडतं. इथल्या करड्या आभाळाखाली राहणाऱ्यालाच त्याचं मोल कळेल.

न्यू जर्सीहून

घरी यायचं तर डिसेंबर आणि शाळांच्या सुट्टीतला जून टाळावा. फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात दर बरे असतात. मुलं शाळेची होईपर्यंत आम्ही फेब्रुवारीच धरली. अमेरिकेतून काढलेल्या तिकिटांना एक मोठा आधार आहे: प्रवासाला किमान 7 दिवस असताना थेट कंपनीकडून घेतलेलं तिकीट बहुतेक कंपन्यांकडे 24 तासांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतं. त्यामुळे दर चांगला दिसला की आधी तिकीट घेते, मग रजेचं बोलते.

औरंगाबादहून

वरचं सगळं पटलं, पण ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. पहाटे तीनचं विमान हजार रुपयांनी स्वस्त असतं. त्यासाठी आईला रात्रभर खुर्चीत बसवणं मला पटत नाही, आणि त्या वेळी विमानतळावरची टॅक्सी ते हजार रुपये खातेच. आम्ही दुपारची विमानं घेतो आणि बचत दुसरीकडे करतो: 15 किलोंच्या आत सामान, सीटसाठी जादा पैसे नाहीत, जेवण घरचं. धपाटे आणि कोरडी चटणी विमानात नेता येतात. दही मात्र सुरक्षा तपासणीत अडकू शकतं.

नाशिकहून

थोडक्यात एकच माहिती. देशांतर्गत तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं आणि जाणं रद्द झालं, तरी ते रद्द करा, तसंच सोडून देऊ नका. सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत देणं डीजीसीएच्या (सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानं कंपनीवर बंधनकारक आहे. स्वस्त तिकिटात हा वाटाही बराच असू शकतो. मला एका बुकिंग संकेतस्थळानं 'काहीही मिळणार नाही' असं कळवलं होतं. सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली, तिकिटाची फोड जोडली, आणि पैसे खात्यात आले.