बेलापूरचं कोरियांचं घर पाडणाऱ्याला विकावं का?

विश्रामबागकर:
काकांचं नवी मुंबईत बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये घर आहे, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सिडकोसाठी (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) 1983 ते 86 च्या दरम्यान केलेल्या वसाहतीतलं. काका आता सांगलीत आमच्याकडंच असतात म्हणून विकायला काढलंय. गिऱ्हाईकं दोन. एकाला पाडून तीन मजले चढवायचेत, तो जास्त देतोय. दुसरं जोडपं आहे तसंच ठेवणार, पण त्यांचं बजेट कमी. मला विचाराल तर कमी घ्या पण घर राहू दे. सात घरांत मिळून एक अंगण, आठ बाय आठ मीटरचं, तिथं काकूंचे सांडगे वाळत असायचे आणि पारसिकच्या डोंगरावरनं सर आली की जो घरात असंल तो पळत येऊन उचलायचा, मग ते कुणाचे का असंनात.

मिरजेचा सिव्हिलवाला:
दादा, पण कोरियांनी दोन घरांत भिंत कॉमन ठेवली नाही ती कशासाठी? प्रत्येकाला आपल्या ऐपतीनं वाढवता यावं म्हणूनच ना. प्लॉट 45 ते 75 चौरस मीटरचे, पोरं मोठी झाल्यावर माणसं वर चढणारच. तिथं कितीतरी जणांनी नवीन बांधलंय, मग काकांनीच कमी पैसे का घ्यायचे?

विश्रामबागकर:
वाढवा की, कोण नको म्हणतंय. एक खोली काढणं वेगळं आणि सगळं पाडून अंगणाचं ऊन अडवणं वेगळं. बाकीच्या सहा घरांनी काय करायचं?

गावभागातली:
मी पाडणाऱ्यांच्या बाजूनं बोलते, राग मानू नका. आमचा वाडा होता, 2019 च्या पुरात मातीची भिंत फुगली, माजघरात गुडघाभर गाळ. वाडा ठेवा म्हणणारे खूप भेटले, पण पाटीनं गाळ काढायला आम्ही चौघंच होतो. शेवटी पाडून आरसीसी केलं. चौक गेला त्याचं वाईट अजून वाटतंय, पण सासूबाई आता पावसाळ्यात निवांत झोपतात. काकांच्या औषधपाण्याचा खर्च आधी धरा.

विश्रामबागकर:
ताई, हे पटलं, काकांच्या खर्चाचा हिशेब मी मांडलाच नव्हता. तरी अंगणावरनं मन हटत नाही. रविवारी काकांना घेऊन बेलापूरला जातोय, ते जोडपं अजून किती चढतंय बघतो, तोवर टोकन कुणाचंच घेत नाही.