मदत हवी आहे: एमआरपीवर सूट दिल्यावर वरून जीएसटी लावता येतो का?

नमस्कार मंडळी,

भावाच्या साखरपुड्यासाठी काल नागपूरच्या बर्डीवरून ब्लेझर घेतला. टॅगवर 'एमआरपी 3,000 रुपये, सर्व करांसह' असं ठळक छापलंय. दुकानात पाटी होती '20% + 10% सूट'. बिल हे असं आलं:

3,000 − 600 = 2,400
2,400 − 240 = 2,160
सीजीएसटी 9% : 194.40
एसजीएसटी 9% : 194.40
एकूण 2,548.80 (घेतले 2,549)

दुसरी सूट उरलेल्या रकमेवर धरतात, म्हणून एकूण सूट 30 नाही तर 28 टक्के, इथपर्यंत पटलं. पण किंमत करासकट असताना पुन्हा कर कशाचा? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, सूट आमची, कर सरकारचा. तो वेगळाच लागतो." आणि दर 18 खरा की 5? लग्नाची सगळी खरेदी अजून व्हायची आहे, कृपया नीट समजावून सांगा.

उत्तर:
ताई, तुमचे 2,160 च व्हायला हवे होते. सूट करासकटच्या किमतीवर दिली, म्हणजे उरलेल्या रकमेतही कर आहेच. सूट दिलेल्या एमआरपीवर वरून कर घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 मध्येच म्हटलंय. प्रकरण जीएसटीच्या आधी लागणाऱ्या व्हॅट या कराचं होतं, पण मुद्दा हाच.

आता दर. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर नगामागे 2,500 पर्यंत 5% आणि त्यापुढे 18%. ही किंमत बिलात दाखवलेली सूट वजा करून धरायची, एमआरपी नव्हे. म्हणजे तुमच्या ब्लेझरला 5%. फक्त आतला कर काढताना 2,160 चे सरळ 5% काढू नका. 2,160 ला 1.05 ने भागा, 2,057.14 येतात. फरकाचे 102.86 हा कर, त्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी 51.43 - 51.43.

ताई:
खूप आभार भाऊ! टॅग अजून कोटालाच आहे. नुसतं बिल दाखवून पैसे मागू का?

उत्तर:
टॅग सोबत न्याच, 'सर्व करांसह' हे त्यावरच आहे. दोन्हींचे फोटो काढून ठेवा आणि थेट मालकाशी बोला, 389 रुपये परत मागा. नाहीच ऐकलं तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा.