सलाँला उठसूट शिव्या घालणाऱ्यांसाठी

बोरूबहाद्दर
परवा इथेच एकाने पॅरिसच्या सलाँबद्दल, म्हणजे तिथल्या सरकारी चित्रप्रदर्शनाबद्दल, लिहिलं, "पॅरिसचं सलाँ म्हणजे सरकारी परीक्षकांचा अड्डा, चित्रं जनतेत आणली ती इम्प्रेशनिस्टांनी." डोकंच फिरलं. अहो, १८७४ला छायाचित्रकार नादारच्या स्टुडिओत या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी सलाँबाहेर भरवलेलं प्रदर्शन महिनाभरात जेमतेम साडेतीन हजार लोकांनी पाहिलं, तेही एक फ्रँक मोजून. १८७६च्या सलाँला पाच लाखांवर माणूस लोटला. रविवारी फुकट, म्हणजे कामगारही बायकापोरांसकट. आता सांगा, जनता कुठे होती?

कोपऱ्यातला कॅनव्हास
गर्दी जत्रेलाही होते. १८६३ला पाचेक हजारांतल्या तीनेक हजार कलाकृती नाकारल्या, ते बरं विसरलात! चित्राच्या पाठीवर 'आर'चा, म्हणजे 'रेफ्यूजे' (नाकारलेलं) असा, शिक्का बसला की गिऱ्हाईक बिचकायचं. निवडलेल्यांची तरी काय चैन? छतापर्यंत दाटीवाटीने टांगलेली, वरच्या रांगेला दुर्बीण लावा. मला विचारा. जिल्ह्याच्या एका प्रदर्शनात माझं जलरंगातलं चित्र वॉटर कूलरच्या वर लावलं होतं. तीन दिवस लोक पाणी पिऊन तोंड पुसत निघून गेले. उद्घाटकांच्या भाच्याचं चित्र मात्र दारासमोर!

बोरूबहाद्दर
कूलरबद्दल सहानुभूती. पण त्याच वर्षी तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. तिथे एदुआर माने या चित्रकाराची चित्रं बघून फिदीफिदी हसली ती जनताच, परीक्षक नव्हेत.

कोपऱ्यातला कॅनव्हास
म्हणजे तुमचे पाच लाख हसायलाच यायचे. आभारी आहे.

गिरगावकरीण
पॅरिस राहू द्या हो. आपल्याकडे बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची, पण चाळीत चित्र शिरलं ते रविवर्म्याच्या छापखान्यातून, १८९४नंतर. माझ्या पणजीने त्यातल्या लक्ष्मीला खऱ्या जरीचे काठ शिवले, टिकल्या चिकटवल्या. काच काढली की जर अजून बोटाला टोचते.

तैलरंगी
छापील देव आणि वर टिकल्या, ही कला? या ओलिओग्राफांनीच, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापांनीच, आपली नजर बिघडवली.

गिरगावकरीण
पणजीच्या देवघरावर घसरू नका हं. दहा बाय दहाच्या खोलीत मूळ तैलचित्र टांगायला तुमचे आजोबा येणार होते का?

तैलरंगी
आजोबांवर जाऊ नका! म्हात्र्यांची मंदिरपथगामिनी (१८९६) काय छापखान्यातून निघाली?

गिरगावकरीण
शिल्प छापतात होय? नवीनच ऐकलं.

बोरूबहाद्दर
धागा सलाँचा आहे, देवघराचा नाही!! आणि तुमच्या रविवर्म्याचं नाव झालं ते कशाने? १८७३ला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं म्हणून. छापखाना मागाहून, वीसेक वर्षांनी.

गिरगावकरीण
बरं बाबा, पदक तुमचं. पणजीला त्याचा पत्ता नव्हता, तरी रोज फूल वाहायची.

तैलरंगी
फूल देवाला की चित्राला?

गिरगावकरीण
हे तुम्ही पणजीसमोर विचारायला हवं होतं.

कोपऱ्यातला कॅनव्हास
पदकं झाली, पणजी झाली. त्या भाच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.