मदत हवी आहे: जुन्या फ्रेंच ड्रेसिंग टेबलाचा पापुद्रा सुटतोय

नमस्कार मंडळी, इथे फ्रान्समध्ये लियाँजवळच्या जुन्या बाजारातून सोळाव्या लुईच्या धाटणीचं ड्रेसिंग टेबल घेतलं. पाय सरळ, खाली निमुळते. मधली फळी उचलली की आत आरसा. वर रंगीत लाकडाच्या तुकड्यांनी जडवलेली फुलांची परडी. १७९१ पूर्वीच्या काही दशकांतल्या पॅरिसच्या कामावर सहसा असतो तो ‘जेएमई’ शिक्का (तिथल्या फर्निचर-कारागिरांच्या संघाचा तपासणीचा ठसा) सापडला नाही, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातली नक्कल. (पैसे मात्र अस्सल गेले.)

आता हीटरमुळे त्या फुलांतल्या एका पाकळीचा पापुद्रा (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) उचकटलाय, नखाने दाबला की टकटक वाजतो. जुना सरस ऊब-ओल दिली की मऊ होऊन पुन्हा धरतो, पण त्या ओलीने वरचं लाखेचं पॉलिश पांढरं पडेल का? फेविकॉलचा मोह आवरलाय. असं काम कुणी स्वतः केलंय का? दाब किती वेळ ठेवलात?