सॉफ्टवेअर किती वीज खातं याचा विचार डेव्हलपरने करायचा की नाही?

खाडीपलीकडे
ऐरोली-महापे पट्ट्यात काम करणाऱ्यांनो, आपण लिहितोय ते सॉफ्टवेअर किती वीज खाईल, हा प्रश्न तुमच्या डिझाईन मीटिंगमध्ये कधी निघालाय का? आमच्याकडे नाही. सस्टेनेबिलिटी, म्हणजे टिकाऊपणा, म्हटलं की डेव्हलपर टेक्निकल डेटवर (घाईच्या कोडमुळे मागे साचलेल्या कामावर) बोलतात, मॅनेजर प्रोजेक्टच्या नफ्यावर. पर्यावरण मात्र सीएसआरच्या वृक्षारोपणात. सॉफ्टवेअर संशोधकांच्या २०१५च्या कार्ल्सक्रोना जाहीरनाम्याने पर्यावरण, समाज, व्यक्ती, अर्थकारण आणि तंत्र या पाचही बाजू एकत्र धरल्या होत्या. आपण सोयीच्या दोन उचलल्या.

आमच्याकडे रीडमीमधला, म्हणजे कोडसोबतच्या माहितीपत्रकातला, एक शब्द बदलला तरी अख्खी रिग्रेशन सूट, म्हणजे जुन्या सगळ्या टेस्ट, पुन्हा धावते. सगळ्यात जड जॉब रात्री, म्हणजे ग्रिडवर सौर वीज नसताना. का? तर पूर्वीपासून तसंच आहे! आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माझं म्हणणं, विजेचा निकष थेट अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियात, म्हणजे काम पूर्ण झालं असं मानायच्या अटींत, लिहावा.

सरळरेघ
अजिबात पटलं नाही. क्लाऊडचं बिल दर महिन्याला येतं, ते कमी केलं की वीज आपोआप कमी होते. वेगळा निकष हवा कशाला? दोन-तीन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये क्लायंटने मागितलेलंच मार्गी लागत नाही. ट्रॉम्बेच्या वीज केंद्रात कोळसा जळतो तो वीज कुठून घ्यायची या निर्णयामुळे. तो सरकार आणि वीज कंपन्या घेतात. त्याचं ओझं ज्युनियर डेव्हलपरच्या डोक्यावर टाकू नका.

खाडीपलीकडे
बिलात युजरचा फोन कुठे येतो? डोंबिवली फास्टमध्ये शेजारी बसलेली बाई आमच्यासारखंच कुठलंतरी अ‍ॅप अपडेट करायला मुलांचे फोटो उडवत असते, कारण फोनमध्ये जागाच उरलेली नाही. आपण अँड्रॉइडची किमान आवृत्ती वाढवली की तिचा चालता फोन बाद. फोनच्या आयुष्यभरातल्या कार्बनचा मोठा वाटा तो बनतानाच खर्च झालेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा कितीतरी धडधाकट मशिन अशाच अडचणीत आल्या. हे निर्णय वीज कंपनी घेत नाही, आपल्याच धंद्यातले लोक घेतात.

पेमेंट_बॅकएंड
मी पेमेंटमध्ये आहे. परिषदांत सल्ला मिळतो, जिथे जलविद्युत आहे त्या देशातल्या रीजनमध्ये (क्लाऊड कंपनीच्या डेटा सेंटरांत) वर्कलोड, म्हणजे सर्व्हरवरचं काम, हलवा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८च्या आदेशाने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवावा लागतो, त्यामुळे तो मार्ग आम्हाला बंद. दिवसअखेरचा जॉबही दुपारी नेता येणार नाही, दिवस संपल्याशिवाय हिशेब कसला बंद करणार? टेस्ट मात्र नक्की हलवता येतील. आणि चुका शोधायला ठेवलेल्या नोंदी, म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेले डीबग लॉग! ते कोणी उघडून पाहत नाही, पण पुसायची सहीही कोणी करत नाही.

रात्रपाळी
खाडीपलीकडेताई, पाच बाजू मोजल्यात आणि बोलताय एकीवरच. माणसाचं काय? ऑन-कॉलवाला, म्हणजे बिघाड झाला की ज्याला फोन येतो तो, पहाटे तीनला उठून सर्व्हर सावरतो आणि सकाळी बदलापूरहून गाडी पकडतो. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या फुकट लायब्ररीतली सुरक्षेची भेग उघडी पडली, तेव्हा मोठमोठ्या कंपन्या ज्यावर विसंबून होत्या ती लायब्ररी मोजके स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळत होते. माणसं थकून निघून गेली तर तुमचा हिरवा कोड चालवणार कोण? माझ्या लेखी ही बाजू पहिली.

सरळरेघ
हे पटलं. विजेबद्दल माझं मत कायम आहे. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५मध्येच कोळशाबद्दल दाखवलं होतं, इंजिन काटकसरी झालं की एकूण खप वाढतो. तुम्ही एपीआय (प्रोग्रामांमधली देवाणघेवाण) हलकी कराल, प्रॉडक्टवाले त्यावर आणखी चार फीचर चढवतील.

खाडीपलीकडे
रात्रपाळी, पहाटेचे बरेचसे अलर्ट त्याच फुगलेल्या जॉबमुळे वाजतात. ते छाटले तर वीजही वाचेल आणि झोपही, म्हणून मी या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाही.

सरळरेघ, जेव्हन्सचा मुद्दा मला मान्य आहे. सॉफ्टवेअरच्या कार्बनचं जे मानक २०२४मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने स्वीकारलं, तेही दर व्यवहारामागे किंवा दर युजरमागे मोजतं. व्यवहारामागचा हा दर घटला आणि व्यवहार दुप्पट झाले तर एकूण आकडा वाढूही शकतो. म्हणून मला दराच्या जोडीला एकूण विजेची कमाल मर्यादाही हवी. नवीन फीचर आणायचं तर आधी जुन्यातलं काहीतरी काढा.

सरळरेघ
आणि हे क्लायंटला कोण सांगणार?

खाडीपलीकडे
आर्किटेक्ट. सिक्युरिटी टेस्टिंगचे पैसेही पूर्वी कोणी सुखासुखी देत नव्हतं. आता प्रपोजलमध्ये ती ओळ नसेल तर क्लायंटच विचारतो. पुढच्या प्रपोजलमध्ये मी विजेची ओळ घालणार आहे. पेमेंट_बॅकएंड, लॉग किती दिवस ठेवायचे याचं तुमच्याकडे काही धोरण असेल तर इथे टाका.