पाहुण्यासाठी भाषेने ठेवलेला शब्द : अनुभव धागा

परकी भाषा शिकताना, अनुवाद करताना किंवा परमुलखात राहताना आदरातिथ्याचा एखादा शब्द मनात रुजला असेल, तर तो कसा भेटला हे इथे अवश्य लिहावे. सुरुवात मी करते. ‘अतिथी’ म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, अशी फोड परंपरेने केली जाते. ती कळल्यापासून तैत्तिरीय उपनिषदातले ‘अतिथिदेवो भव’ मला अधिक कठीण वाटू लागले, कारण बोलावलेल्याचे स्वागत करणे त्यामानाने सोपे असते.

❖

तुर्की शिकताना ‘होश गेल्दिनिझ’ या स्वागताला मी नुसते ‘धन्यवाद’ म्हणत असे. बाईंनी सांगितले की त्याला ठरलेले उत्तर आहे : ‘होश बुल्दुक’. यजमान म्हणतो ‘छान आलात’ आणि पाहुणा म्हणतो ‘आम्हालाही छानच आढळले’. म्हणजे स्वागत पूर्ण करण्याचे काम पाहुण्याकडेही असते. आपल्या ‘अतिथी’च्या अगदी जवळचा शब्दही तिथे आहे. न कळवता दारात आलेल्याला तुर्कीत ‘देवाचा पाहुणा’ म्हणतात.

❖

मी फ्रेंचमधून अनुवाद करते. एका कथेतील ‘ओत’ या शब्दासाठी मी पानेच्या पाने ‘यजमान’ लिहीत गेले आणि पुढे ध्यानात आले की काही ठिकाणी तो पाहुणा होता. फ्रेंचमध्ये दोघांनाही हाच शब्द चालतो, आणि ज्या लॅटिन ‘होस्पेस’पासून तो आला त्यालाही हे दोन्ही अर्थ होते. सगळा मजकूर पुन्हा तपासावा लागला, पण त्या निमित्ताने ‘होस्पेस’च्या नात्यातला ‘होस्तिस’ भेटला. त्याचा जुना अर्थ ‘परका’ आणि नंतरचा ‘शत्रू’. दारातला अनोळखी माणूस पाहुणा ठरेल की वैरी, हा प्रश्न एकाच शब्दकुळात इतका काळ नांदत आला आहे, हे वाचून मी त्या दिवशी पुढचे काम करू शकले नाही.

❖

स्वाहिलीत दाराबाहेरून ‘होदी’ अशी हाक द्यायची आणि आतून ‘करिबू’ ऐकू आल्यावरच पाऊल टाकायचे, हे मी सहकाऱ्यांकडून शिकलो. ‘करिबू’चा एक अर्थ ‘जवळ’ असाही आहे.

❖

माझी मातृभाषा मराठी नाही. पहिल्यांदा एका घरून निघताना मी ‘जाते’ म्हणाले, तेव्हा तिथल्या आजींनी ‘येते म्हणावे, बाळ’ असे हळूच सुधारले. मी ‘येते’ म्हणाले, आणि त्यांनी ‘ये हं’ म्हणून दार माझ्या मागे बराच वेळ उघडेच ठेवले.