चहा-कॉफीबरोबरचं घरचं गोड बेकिंग : फसलेलं आधी सांगा

चेपलेला टिन
सकाळी फळी आवरताना केकचा लांबट टिन डोक्यात पडला. त्याचा एक कोपरा चेपलाय, तो मीच चिडून आपटला होता तेव्हा. माझा पहिला बनाना ब्रेड! कृतीत बेकिंग पावडर दोन चमचे, घरात होता खायचा सोडा. म्हटलं, पांढरी पूड ती पांढरी पूड. रंग काय सुरेख आला होता, गडद तपकिरी. बाबांनी चहाबरोबर एक काप मुकाट्याने खाल्ला. दुसरा घेतला. मग अगदी सहज विचारलं, "साबण कुठला वापरलास गं?" सोडा पावडरीच्या तिप्पट-चौपट कडक असतो, हे फार नंतर कळलं. पण बाबांनी तो दुसरा काप संपवला हो.
आज तीन केळी काळी पडलीत आणि टिन समोर आहे. मी घालते, तोवर तुमचंही येऊ द्या.

रात्रपाळी
आमचा हिरवा झाला होता.

चेपलेला टिन
हिरवा?? काय घातलं होतंत?

रात्रपाळी
काही नाही हो, सूर्यफुलाच्या बिया. रात्री मस्त तपकिरी होता, सकाळी कॉफीबरोबर कापला तर बियांभोवती हिरवं हिरवं. बुरशी समजून अख्खा फेकला. बायको अजून विचारते, आज कुठल्या रंगाचा करताय?

अर्धा चमचा
अरेरे, फेकायला नको होता! त्या बियांमध्ये क्लोरोजेनिक आम्ल असतं, सोड्याशी गाठ पडली की हिरवं होतं. खायला काही अपाय नाही. सोडा कमी करून थोडा लिंबाचा रस घाला पुढच्या वेळी.

रात्रपाळी
पुढची वेळ येऊ देतील तर ना.

कामात आहे
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. सिनॅमन रोल. दूध उकळतं होतं तसंच यीस्टवर ओतलं. दोन तास पीठ उबेला ठेवून दर दहा मिनिटांनी डोकावत होते. मेलं होतं बिचारं. तरी भाजले. पेपरवेट म्ह

कामात आहे
शिट्टी झाली. पेपरवेट म्हणून चालले असते, एवढंच सांगायचं होतं. दूध बोटाला कोमट लागेल एवढंच हवं.

जुना मग
माझे मफिन कायम रबरासारखे व्हायचे. मी मन लावून फेटायचो ना! फेटायचं नसतं म्हणे, ग्लुटेन तयार होतं, गुठळ्या दिसत असतानाच थांबायचं. आळशीपणाला इतकी छान कृती दुसरी नाही. आणि कृतीतला 'कप' म्हणजे बहुतेक वेळा २४० मिली. मी वर्षभर माझा कॉफीचा मग वापरला, तो निघाला ३५० चा.

कामात आहे
😂 सगळं एकाच मगाने मापलं असेल तर चाललंच असतं की

जुना मग
अंडी कुठे मापली मगाने!

दोनदा भाजलेली
बिस्कॉटी. नावाचाच अर्थ दोनदा भाजलेलं. मी हौसेने तिसऱ्यांदा भाजली, कुरकुरीत व्हावी म्हणून. दाढेची कॅप निघाली. डॉक्टरांना खरं सांगितलं नाही, दाणे खात होते म्हटलं.

अर्धा चमचा
अगं, कॉफीत बुडवून खायची ना!

दोनदा भाजलेली
बुडवूनच खात होते 😐

नवीन ओव्हन
विषयाला सोडून आहे, पण ओव्हनचा काटा खोटं बोलतो का? १८० वर ठेवते, तरी स्कोन पांढरेफटक.

जुना मग
बोलतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणा. आमचा १८० म्हणजे खरे १५५ होते. शिवाय स्कोनला २०० च्या पुढे उष्णता लागते, लोणीही थंडगार हवं.

रात्रपाळी
आणि गरम करायला लावण्याआधी आत डोकावत जा. आमच्याकडे आत प्लॅस्टिकचे डबे ठेवायची पद्धत होती. 'होती' म्हणजे, एका दिवसात संपली.

नवीन ओव्हन
बापरे. तो वास गेला का नंतर?

रात्रपाळी
गेला. सासूबाईंचे डबे होते, तो विषय गेला नाही.

दोनदा भाजलेली
@चेपलेला टिन, बाबांचं वाचून डोळे भरून आले गं. माझे बाबाही असेच. कच्चं, करपलं, सगळं 'वा' म्हणून खायचे.

चेपलेला टिन
हो ना गं.
ब्रेड आत आहे. पन्नास मिनिटं झाली, टूथपिकला अजून ओलं लागतंय.

अर्धा चमचा
कितीदा टोचलंस? सारखं दार उघडू नकोस, मधे बसेल.

चेपलेला टिन
बसला.